दाजी डोंगरशर्यतीला जातात

शनिवार-रविवार, ७ आणि ८ डिसेंबर. सकाळी दाट धुकं, नंतर ऊन, वारा गार.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक भोळा माणूस राहत होता. तो मी.

माझा मेहुणा दिगंबर दरवर्षी दोन दिवसांच्या डोंगरशर्यतीत उतरतो. तिला आखलेली वाट नसते. नकाशा आणि होकायंत्र घेऊन डोंगरात बांधलेली निशाणं शोधायची, तंबू पाठीवर वाहायचा, वरच मुक्काम करायचा आणि जोडीने शेवटची रेघ ओलांडायची. एकटा आला तर बाद. दिगंबरचे जोडीदार नेहमी मधेच बसायचे. त्याने रेघ कधी ओलांडलीच नव्हती. यंदा गावात विचारायचा राहिलेला मीच होतो.

माझ्या बायकोने, इंदूने, शाळेच्या मैदानावर आम्हाला ओवाळलं आणि आम्ही निघालो.

होकायंत्र त्याच्याकडे, नकाशा माझ्याकडे. तो म्हणाला, "दाजी, आपण आहोत तिथे नकाशावर बोट ठेवा. उचलू नका."

मी शाळेवर बोट ठेवलं. दुपारी त्याने पाहिलं तेव्हा बोट शाळेवरच होतं आणि आम्ही भलत्याच खिंडीत होतो.

"अहो, आपण चाललो की बोटही न्यायचं. मागे ठेवून कसं चालेल?"

पटलं. पुढे करवंदीच्या जाळीत पहिलं निशाण सापडलं. मागे ठेवून कसं चालेल? मी ते सोडून पिशवीत घातलं आणि पुढच्या टेकडीवर त्याला दाखवलं.

दिगंबर मटकन खाली बसला. निशाण बांधायला परत गेलो, तर दोन जोड्या जाळीत डोकं घालून शोधत होत्या.

"दाजी, डोंगरात जे जिथे आहे ते तिथेच राहू द्यायचं."

हेही पटलं. रविवारी सकाळी पहिला चढ संपल्यावर त्याने माझ्या पाठीकडे पाहिलं.

"तंबू कुठाय?"

"जिथे होता तिथे."

तंबू घेऊन येताना तो एकेक शब्द तोडून म्हणाला, "निघताना जे आपल्याबरोबर होतं, ते असल्याशिवाय रेघ ओलांडायची नाही. म्हणा."

मी म्हटलं.

मग जीव तोडून पळालो. रेघ चार पावलांवर आली. वेळ शिल्लक होता. दिगंबरने माझा हात धरला. त्याचे डोळे भरले होते. मी मनात उजळणी केली. तंबू, नकाशा, होकायंत्र, दिगंबर.

"थांब, एक राहिलं. आलोच."

"दाजी, सगळं आहे. पाऊल टाका."

मी हात सोडवून गावाकडे सुटलो होतो. दोन दिवसांत इतक्या वेगाने मी एकदाही पळालो नव्हतो.

"इंदू, चल लवकर," मी अंगणातून हाक मारली.

दाराला कुलूप होतं.

इंदू दुपारपासून आरतीचं ताट घेऊन रेघेच्या पलीकडे गर्दीत उभी होती. दिगंबर वेळ संपेपर्यंत अलीकडे उभा होता.

जोडी बाद.