शेंदराखालची गाय

एका गावात एक शिक्षिका होत्या, मालनबाई त्यांचं नाव. गावाला शाळेची इमारत नव्हती. मुलं देवळाच्या ओसरीवर बसायची, आणि पावसाळ्यात ती ओसरी गळायची.

देवळासमोर एक उभा दगड होता. जुन्या काळी गाव राखताना कुणी वीर पडला, त्याचा तो दगड. गाव त्याला वीरदेव म्हणे. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर लावून त्याचा नुसता केशरी गोळा झाला होता. खाली एक फुगवटा दिसे. तो घोडा, असं सगळे सांगत. घोड्यावरचा वीर आमचा पूर्वज, असं रंगराव पाटील सांगत.

एकदा पाटील म्हणाले, "बाई, उत्सवात पोरांनी आमच्या पूर्वजाची गोष्ट सांगावी. शाळेला जागा मी देतो."

बाईंनी देवाला हात जोडले आणि मुलांकडून गोष्ट पाठ करून घेतली. घोडा पांढरा होता, हेसुद्धा ठरून गेलं.

उत्सव उद्यावर आला आणि चैत्राच्या उन्हात वीरदेवाने कवच सोडलं. शेंदराचा जाड थर आपोआप गळून पडला. लोक घाबरले. पुजारी म्हणाले, "अहो, भिता काय? देवाला दर्शन द्यायचंय."

मुलं धावली. पाटलांची नात हौसा सगळ्यांच्या पुढे.

"बाई, घोड्याला शिंगं आहेत!"

घोडा नव्हताच तो. गाय होती, पोटाशी वासरू. तिच्यापुढे एक माणूस, पायी, हातात काठी घेतलेला. नाव कुठेच कोरलेलं नव्हतं.

पाटलांनी बाईंना बाजूला घेतलं. "नवा शेंदूर थापू की. पोरांना काय कळतंय?"

"पोरांनीच पाहिलंय, दादा."

"मग जागेचं तुम्ही बघा," असं म्हणून पाटील निघून गेले.

भिजलेली लेकरं बाईंच्या डोळ्यांपुढे आली. तिथेच वीरदेवाला नमस्कार करून त्या मुलांकडे वळल्या. "बाळांनो, घोडा मीच शिकवला होता. मी चुकले. आता डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगायचं. बाकीचं ठाऊक नाही म्हणायचं. त्यात लाज कसली?"

उत्सवात हौसा उभी राहिली. म्हणाली, "हा वीर कोण, ते ठाऊक नाही. याच्याकडे घोडा नव्हता, तलवार नव्हती. तरी गाईसाठी काठी घेऊन उभा राहिला."

"घोडं असतं तर पळून नसता का गेला!" मागून एक म्हातारी बोलली. सगळी हसली. पाटलांचा चेहरा लाल झाला.

"आजोबा, रागावलात?" हौसाने विचारलं.

पाटील उठून दगडापाशी गेले. वाकून त्या काठीवाल्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं शेंदूर थापला गं, तोंड मात्र आज पाहिलं. कुणाचा का असेना, बाबा मोठा धीराचा."

मग बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, उद्या जागा बघायला या. पावसाच्या आत छप्पर घालून घेऊ."

तात्पर्य: मुलांना इतिहास शिकवताना दिसतं ते सांगावं, ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावं आणि चुकलं तर त्यांच्यासमोरच सुधारावं; खऱ्याची वाट धरणाऱ्याला देव उघड्यावर ठेवत नाही.