शेजाऱ्याची भिंत

एकदा एका गृहस्थाला आपले राहते घर विकायचे होते. त्याचे नाव दिगंबर. उपनगरातल्या एका शांत गल्लीत त्याचे टुमदार रो-हाउस होते. आईचे गुडघे कामातून गेलेले, जिना चढवेना, म्हणून त्याने तळमजल्यावरच्या एका फ्लॅटला टोकन देऊन ठेवले होते. घराला योग्य भाव आला तरच तो फ्लॅट हाती येणार होता. पण गिऱ्हाइके यायची, हॉलच्या खिडकीपाशी घुटमळायची आणि भाव पाडून मागायची.

शेवटी तो आपल्या शाळेतल्या वृद्ध मास्तरांना घेऊन आला. "मास्तर, घराला नवा रंग देतो. कोणता देऊ?"

मास्तर खिडकीत उभे राहिले. समोर, चिंचोळ्या अंगणापलीकडे, शेजारच्या घारपुऱ्यांची शेवाळलेली भिंत. ते म्हणाले, "तुझ्या घराला नको. त्या भिंतीला दे."

दिगंबर चाटच पडला. घारपुऱ्यांशी त्याचा कित्येक वर्षांचा अबोला. "म्हणजे घर विकायचं माझं आणि उजळायचं त्यांचं?"

"त्यांच्या घराच्या बाकीच्या भिंती तर लख्ख आहेत. हीच का राहिली?"

दिगंबरची मान खाली गेली. "रंगाऱ्यांची परांची माझ्या अंगणात बांधावी लागली असती. मी बांधू दिली नाही."

मास्तर शांतपणे म्हणाले, "आपल्या घराचं रूप आपल्याला कुठे दिसतं, बाळा? आपल्या खिडकीतून दिसतं ते शेजाऱ्याचं घर. घेणारा इथं उभा राहतो, त्याला शेवाळ दिसतं आणि शेवाळामागचा अबोलाही कळतो. चार भिंती विकता येतात, पण भाव सगळ्या गल्लीचा होतो."

करावे तसे भरावे! दिगंबर मुकाट्याने शेजारी गेला आणि भिंत स्वखर्चाने रंगवून देतो म्हणाला. घारपुरेही काही कमी मानी नव्हते. "रंगाचा एक रुपयाही तुमच्याकडून घेणार नाही," ते म्हणाले. "अंगण तेवढं द्या."

दुसऱ्याच दिवशी परांची उभी राहिली. चार दिवसांत भिंत सोनचाफ्यासारखी उजळली आणि रंगाऱ्यांना चहा कोणी द्यायचा, यावर दोन्ही घरांत प्रेमाचे भांडण झाले.

पुढच्या रविवारी एक जोडपे घर बघायला आले. खिडकीशी बराच वेळ उभे राहिले. घर मनात भरले होते, तरी नवऱ्याने सवयीने विचारलेच, "किमतीचं थोडं खालीवर होईल ना?"

दिगंबरला आईचे गुडघे आठवले. तो 'बघू' म्हणणार, एवढ्यात समोरच्या गच्चीवरून घारपुऱ्यांचा खणखणीत आवाज आला, "दिगंबरराव, एक पैसा कमी करू नका! आमच्या गल्लीतलं घर आहे ते!"

जोडपे हसले आणि सांगितलेल्या भावाला तयार झाले. दिगंबरची छाती अभिमानाने भरून आली, आणि अशी गल्ली सोडून जाताना माणसाला रडू येते, हेही त्याला त्या दिवशी कळले.