हेवा कुठे जाणवतो?

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या पाठशाळेत पदार्थविज्ञान शिकलेला एक तरुण दाखल झाला. आचार्य उपनिषदांचे पंडित. पण तो क्वांटमविषयी बोलू लागला की ते लहान मुलासारखे ऐकत राहत. सायंकाळच्या प्रवचनाचे आसनही त्यांनी लवकरच त्याला दिले.

ज्येष्ठ शिष्याच्या पोटात दुखू लागले. इतकी वर्षे गुरुसेवा केलेली. ते आसन आपलेच, असे त्याने मनोमन धरले होते. ही पोटदुखी काही ओव्याने जात नाही. "मागून आली नि तिखट झाली!" असे तो एकटा असताना पुटपुटे, आणि तरुण समोर आला की गोड हसे.

पाठशाळेचा एक रिवाज होता. वक्ता निरुत्तर झाला, तर त्याने आपले उपरणे प्रश्नकर्त्याच्या खांद्यावर घालावे आणि पुढे आसन प्रश्नकर्त्याने सांभाळावे. ज्येष्ठ शिष्य संधीची वाट पाहत होता.

एका संध्याकाळी तरुण म्हणाला, "मोजमाप होईपर्यंत कणाची एकच एक अवस्था ठरलेली नसते. मेंदूतही असंच काही घडत असेल, जाणिवेचं मूळ तिथेच असेल, असं काहींना वाटतं. सिद्ध मात्र झालेलं नाही."

ज्येष्ठ उठला. "माझ्या मेंदूतला कण न् कण तुला कळला, असं धरू. मग या क्षणी मला काय वाटतंय, ते सांगशील?"

तरुण विचारात पडला. "कणांचं सांगेन, दादा. आतून कसं वाटतं, ते नाही सांगता येणार. पुढे कुणाला येईल का, तेही ठाऊक नाही." त्याने उपरणे काढून ज्येष्ठाच्या खांद्यावर घातले.

तोच आचार्य उठले आणि त्यांनी ते उपरणे पुन्हा तरुणाच्या खांद्यावर घातले. सभा चकित झाली.

"गुरुजी, तो निरुत्तर झाला! हा अन्याय आहे," ज्येष्ठ म्हणाला.

"तुझा प्रश्न बिनतोड होता," आचार्य म्हणाले. "त्याच्यापाशी उत्तर नव्हतं, तसं त्याने सांगून टाकलं. तुझ्यापाशी मात्र होतं. सांग, त्या क्षणी तुला काय वाटत होतं?"

ज्येष्ठाने मान खाली घातली.

"बाळा, क्वांटमने जाणिवेचं कोडं सुटेल किंवा सुटणारही नाही. पण सुटलं की नाही, हे पडताळायचं कशावर? ज्याला अनुभव येतो, त्याच्या शब्दावर. तो शब्दच खोटा निघाला, तर या तरुणाचं विज्ञानही लंगडं आणि आपलं अध्यात्मही."



"हेवा वाटत होता," ज्येष्ठ अखेर म्हणाला. "अजून वाटतोय. त्याच्याकडे बघता तसं तुम्ही माझ्याकडे कधी बघितलं नाहीत, गुरुजी."

आचार्य हळूच त्याच्याजवळ येऊन बसले.

"हेवा मला दिसला होता रे," ते म्हणाले. "हे दुःख दिसलं नव्हतं."