मण्यांना नगारा नाही

फार जुनी गोष्ट. डोंगरांपलीकडे एक राज्य होतं, आणि तिथं एक रीत होती. वेशीच्या नाक्यावर राजा सगळ्या मालातला वाटा घ्यायचा. पण वाटा घेतलेला माल पुढं कुणी लुटला, तर नाक्यावरचा नगारा वाजायचा आणि राजाचे घोडेस्वार चोरामागं सुटायचे. म्हणून वाटा देताना कुणी कुरकुरत नसे.

एके साली समुद्रापलीकडून निळे मणी आले. तसा मणी इथल्या कुणाला घडवता येईना. मग काय, लोक मण्यांवर मीठ घेऊ लागले, मण्यांवर बैल विकू लागले.

प्रधानानं विचारलं, “महाराज, हे नाणं म्हणून धरायचं?”

“बघू.”

“मग बंद करायचं?”

“तेही बघू. तोवर वाटा घ्या.”

नाक्यावर मण्यांतला तिसरा हिस्सा घेऊ लागले. लोक म्हणाले, “राजानं हात लावला ना, मग मणी खराच!”

त्या राज्यात एक कासारीण होती. नवरा मागंच गेलेला, पदरात एक लेक. लेकीच्या डोळ्यांवर पांढरा पडदा चढत होता. राजधानीतला वैद्य म्हणाला होता, “पडदा पुरता धरायच्या आत आण. पण औषधी समुद्रापलीकडून येते, तिथं मणीच लागतात.”

कासारणीनं घर विकलं, बांगड्यांची पेटी विकली. आले तेवढे मणी ओच्यात बांधले आणि लेकीचा हात धरून निघाली. नाक्यावर तिसरा हिस्सा दिला. “घ्या दादा. आता घाटाची भीती नाही,” ती म्हणाली.

घाटात चोरांनी ओचाच कापून नेला.

ती लेकीला ओढत नाक्यावर धावत आली. “नगारा वाजवा! ते बघा, अजून धुरळा दिसतोय त्यांचा!”

“काय गेलं, बाई?”

“मणी.”

नाकेदारानं उचललेली टिपरी खाली ठेवली. “मण्यांना नगारा नाही.”

“अहो, सकाळी वाटा घेतलात की!”

“वाट्याचा हुकूम आहे. नगाऱ्याचा नाही.” त्यानं मान वळवली. लेक अजून धुरळ्याच्या दिशेला तोंड करून उभी होती.

कासारीण दरबारात गेली. राजानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, मणी हे धन आहे असं आम्ही कधी म्हटलंच नाही.”

“मग वाटा कशाचा घेतलात, महाराज? गाय दूध देते तोवर तुमची, आणि वाघानं नेली की माझी?”

राजाची नजर लेकीवर गेली. त्याला गलबलून आलं. “प्रधानजी, हिला खजिन्यातून काहीतरी द्या.”

प्रधान कानाशी वाकला. “दिलं तर मणी मानल्यासारखं होईल. उद्या दारात रांग लागेल.”

“मग मण्यांवर बंदी घालू?”

“वाटा बुडेल, महाराज.”

राजा हळूच म्हणाला, “बघू.”

कासारीण वैद्याच्या पायरीवर जाऊन बसली. “थोडं थांबा वैद्यबुवा, राजे बघू म्हणालेत.” वैद्य भला माणूस. घरातली होती नव्हती ती औषधं त्यानं लेकीच्या डोळ्यांत घातली. पण पाहिजे होती ती औषधी त्यात नव्हती. राजाचा निरोप आज येईल, उद्या येईल म्हणत पावसाळा सरला, दसरा गेला. पडद्यानं डोळे पुरते धरले.

त्या सालापासून लोक नाका सोडून रानवाटेनं जाऊ लागले. मणीच नव्हे, धान्यसुद्धा तिकडूनच नेऊ लागले; उद्या त्यालाही नगारा नाही म्हणाले तर? मग कुठं राजाला जाग आली. त्यानं दवंडी पिटवली, “आजपासून मण्यांनाही नगारा वाजेल!”

दवंडी गावात आली तेव्हा लेक आईजवळ देवळाच्या ओसरीवर बसली होती; घर तर विकलेलंच होतं. तिनं विचारलं, “आई, राजानं बघितलं का गं?”

कासारणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. “हो बाळा. बघितलं.”

यातून घ्यायचं ते इतकंच, बाळांनो: ज्याच्या लाभात वाटा घ्यावा, त्याच्या राखणीचा भारही उचलावा. आणि ज्याच्या हाती निवाडा असतो, त्याच्या ‘बघू’चं मोल नेहमी दुसराच कुणी भरतो.