टिचकी मुंगी आणि न वाजणारी घंटी

एक होती मुंगी. तिचं नाव टिचकी. केवढी होती? एवढीश्शी!

टिचकीचं घर माळी गुरुजींच्या लॅपटॉपमध्ये. सगळ्यात लांब बटणाखाली. गुरुजी काम करायचे आणि बिस्किट खायचे. चुरा पडायचा भुरुभुरु. टिचकीची नुसती चंगळ!

एकदा टिचकीने आपल्या बाळाला बटणाखाली निजवलं. बाळाचं नाव टिच्चू. ती चुरा आणायला टेबलाखाली उतरली. तेवढ्यात चोर आला. लॅपटॉप उचलला, गोणीत घातला. पळाला धूम!

टिचकी वर आली. बघते तर काय? घर नाही! बाळ नाही!

टिचकी रडली मुळुमुळु. मग डोळे पुसले. रडत बसून टिच्चू थोडाच मिळणार? निघाली. तुरु तुरु तुरु.

चौकीत हवालदारमामा मिशी विंचरत होते.

"मामा मामा, सायकल काढा!
माझं बाळ मला मिळेना!"

मामा म्हणाले, "काढीन की! पण जाऊ कुठे? वर का खाली? शोधताई जागा सांगेल, तर मी सायकल काढीन."

टिचकी निघाली. तुरु तुरु तुरु.

शोधताई मोठ्या पडद्यापुढे बसली होती. हरवलेले लॅपटॉप शोधायचे, हेच तिचं काम. प्रत्येक लॅपटॉपच्या पोटात एक ठिपका. ठिपका जागा झाला की पडद्यावर लुकलुकतो.

"ताई ताई, जागा सांग!
हवालदार सायकल काढीनात,
माझं बाळ मला मिळेना!"

शोधताई म्हणाली, "सांगेन गं! पण ठिपका झोपलाय. गुप्त नंबर लागतो त्याला उठवायला. असा कुणाचाही ठिपका मी उठवत नाही. गुरुजी नंबर देतील, तर मी जागा सांगेन."

टिचकी निघाली. तुरु तुरु तुरु.

गुरुजी डोक्याला हात लावून बसले होते.

"गुरुजी गुरुजी, नंबर द्या!
शोधताई जागा सांगेना,
हवालदार सायकल काढीनात,
माझं बाळ मला मिळेना!"

गुरुजी म्हणाले, "देईन गं! पण नंबर चिठ्ठीत. चिठ्ठी घंटीत. घंटी शेळीच्या गळ्यात!"

"अगंबाई! घंटीत कशाला?"

"चोराला सापडू नये म्हणून! आता शेळी मान वाकवेल, तर मी नंबर देईन."

काय हुशार आमचे गुरुजी! चोराला सापडेना, आणि त्यांनाही मिळेना.

टिचकी निघाली. तुरु तुरु तुरु.

गोठ्यात बिजली शेळी फुगून बसली होती. मान हलवली की घंटी वाजायची थुप थुप. आत चिठ्ठी कोंबलेली ना!

"शेळी शेळी, मान वाकव!
गुरुजी नंबर देईनात,
शोधताई जागा सांगेना,
हवालदार सायकल काढीनात,
माझं बाळ मला मिळेना!"

शेळी म्हणाली, "बें! माझी घंटी मुकी केली. मी रुसलेय! शेवग्याचा कोवळा पाला हवा. वानर फांदी हलवेल, तर मी मान वाकवीन."

टिचकी निघाली. तुरु तुरु तुरु. गोठ्याशेजारच्या शेवग्यावर चढली. वर, वर, वर. वानर बसलं होतं कान धरून.

"वानरा वानरा, फांदी हलव!
शेळी मान वाकवेना,
गुरुजी नंबर देईनात,
शोधताई जागा सांगेना,
हवालदार सायकल काढीनात,
माझं बाळ मला मिळेना!"

वानर म्हणालं, "हूप! फांदी कसली हलवू? माझ्या कानात खाज सुटलीय. बोट जाईना, काडी जाईना. कानात जाईल एवढं छोटं आहे तरी कोण?"

कोण बरं? सांगा, सांगा!

"मी आहे की!" टिचकी शिरली कानात. सहा पायांनी खाजवलं, खुर्र खुर्र खुर्र.

"हूऽऽप! बरं वाटलं!"

वानराने फांदी हलवली, सळसळ सळसळ. पाला पडला. शेळीने पाला खाल्ला, करम करम. शेळीने मान वाकवली. गुरुजींनी चिठ्ठी काढली. घंटी वाजली, किणकिण किणकिण! गुरुजींनी फोनवर शोधताईला नंबर दिला. कोणता नंबर? श्श! तो कुणाला सांगायचा नसतो.

ठिपका जागा झाला. लुकलुक लुकलुक! शोधताईने जागा सांगितली, "ओढ्याकाठी, जांभळीखाली!" हवालदारमामांनी सायकल काढली, ट्रिंग ट्रिंग! टिचकी बसली मामांच्या मिशीवर.

जांभळीखाली चोर झोपला होता. घुर्र घुर्र! उशाला काय? गुरुजींचा लॅपटॉप!

"ऊठ रे!" मामा गरजले. चोर उठला दचकून. मामांनी त्याचा हात धरला गच्च.

टिचकी पळत बटणाखाली शिरली. आत अंधार. आत गप्प.

"टिच्चू? माझ्या सोन्या?"

मग आतून आली एक जांभई. एवढीश्शी.

"आई, चुरा आणलास?"

टिचकीने त्याला सहाही पायांनी जवळ घेतलं. किती वेळ सोडलंच नाही.

लॅपटॉप घरी आला. गुरुजींनी टिचकीला अख्खं बिस्किट दिलं. मग चिठ्ठी हातात घेऊन विचारात पडले. "टिचकीबाई, ही आता कुठे ठेवू? चपलेत? का माठाखाली?"

टिचकी म्हणाली, "गुरुजी, मुलांकडून पाढे पाठ करून घेता ना? मग हा नंबर पाठ करा!"

गुरुजी उभे राहिले. हाताची घडी घातली. खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"अहो गुरुजी!" टिचकी ओरडली. "मनातल्या मनात!"

गुरुजी एकदम गप्प. शेळीची घंटी किणकिण, बटणाखाली टिच्चू, आणि गोष्ट आपली पोचली घरी.