गिरजेची शिदोरी आणि भागेचं हसू

एका डोंगराखालच्या गावात गिरजा नावाची बाई राहायची. केस पिकले होते, नातवंडं झाली होती, पण पाय काही घरात ठरत नसत. चुलीपुढचं काम उरकलं की बाई निघाली डोंगरावर! गावातले लोक म्हणायचे, "गिरजेला डोंगरानं झपाटलंय."

तिची लहानपणापासूनची मैत्रीण भागा पलीकडच्या आळीत राहायची. पूर्वी दोघी मिळून करवंदांसाठी रानभर हिंडायच्या. भागेचं हसणं तर असं खणखणीत, की वाटेनं जाणारा थांबून विचारायचा, "काय झालं बाई?" पण गेल्या साली भागेचा नवरा वारला आणि ते हसूही त्याच्याबरोबर गेलं. ती ओट्यावर नुसती बसून असायची. सून ताट वाढायची, भागा दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची.

"मावशी, तुम्हीच काहीतरी करा," एक दिवस सून गिरजेला म्हणाली. "आमचं कुणाचं चालत नाही त्यांच्यापुढं."

त्याच भादव्यात डोंगरमाथ्यावर कारवी फुलली. कारवीचं झुडूप मोठं मानी! सात वर्षांतून एकदा फुलतं, अख्खा माथा जांभळा करून टाकतं आणि पुन्हा सात वर्षं गप्प. गिरजेनं मनाशी ठरवलं, भागेला हे दाखवायचंच. ते बघून ती हसली नाही, तर नावाची गिरजा नाही!

तिनं शिदोरी बांधली. थालीपीठं, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, वर एक कोवळी काकडी. आणि भागेला जवळजवळ ओढूनच घराबाहेर काढलं.

आता गिरजेचे डोंगरावरचे दोन नियम होते. शिदोरीची गाठ सोडायची ती माथ्यावरच. आधी चढ, मग घास. हा तिच्या आईचा शिरस्ता. आणि दुसरा तिचा स्वतःचा, दमलेल्या माणसाला खरं अंतर कधी सांगायचं नाही.

पहिल्याच चढाला भागेला धाप लागली. "किती राहिलं गं?"

"आलंच की! ते आंब्याचं झाड दिसतंय ना, त्याच्या जरा पलीकडं."

आंबा आला. पलीकडं दुसरा चढ उभा.

"आता किती?"

"आलंच! एवढं वळण घेतलं की झालं."

वळण घेतलं, तर पुढं आणखी एक चढ, तोही छातीवर येणारा. भागा एका काळ्या कातळावर मटकन बसली आणि रडायलाच लागली.

"तूही तसलीच निघालीस! हे आजारी होते तेव्हा वैद्य म्हणायचे, बरे होतील आता. हे गेले तेव्हा लोक म्हणाले, पडेल विसर आता. आणि तू म्हणतेस, आलंच. काय येतं गं? कुठं काय येतं? मी जाते घरी. पुन्हा मला बोलवायला येऊ नकोस."

माथ्यावरचा जांभळा पट्टा गिरजेला तिथून दिसत होता. एकटी असती तर केव्हाच पोचली असती. आणखी एकदा गोड बोलून भागेला ओढताही आलं असतं. पण त्या रडक्या डोळ्यांकडं बघून तिची जीभ रेटेना. ती भागेच्या शेजारी बसली.

"खोटं बोलले मी. अजून निम्मी वाट आहे. आणि पुढचा चढ याहून वाईट आहे."

भागेनं पदरानं डोळे पुसले. "एवढं लांब आणून आता सांगतेस होय, मेले?"

"आधी सांगितलं असतं तर आली असतीस?"

"छे! कशाला येतेय?"

गिरजेनं शिदोरी मांडीवर घेतली आणि सरळ गाठ सोडली. "माथा गेला खड्ड्यात. इथंच खाऊ. वरून आई बघत असली तर ओरडेल, ओरडू दे."

चढानं भागेला भूक लागली होती. तिनं थालीपीठ तोडलं, भरपूर चटणी लावून तोंडात घातलं, आणि तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "चटणी केलीस का माझ्यावर वैर काढलंस?" असं म्हणता म्हणता ती हसली. खणखणीत, अगदी पूर्वीसारखी! मग तिला खाली आपलं घर दिसलं, सुनेनं वाळत घातलेलं लुगडंही दिसलं. दोघींनी लाडूसुद्धा संपवले आणि त्या उतरायला लागल्या. फुलं फार दिवस टिकणार नाहीत, हे गिरजेला ठाऊक होतं. तिनं एकदा मागं वळून पाहिलं, नाही असं नाही. मग भागेचा हात धरला आणि निघाली.

दोनच दिवसांनी सकाळी गिरजेच्या दाराची कडी वाजली. दारात भागा, हातात तिची स्वतःची शिदोरी.

"शेंगा उकडून आणल्यात. चल, त्या कातळापर्यंत जाऊ."

"आणि पुढं?"

"पुढचं पुढं."

मग त्या जातच राहिल्या. कधी कातळापर्यंत, कधी त्यापुढच्या झऱ्यापर्यंत. जिथं पाय दुखतील तिथं गाठ सुटायची. किती राहिलं, हे कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं.

घट बसायच्या सुमारास एकदा भागा चालता चालता पुढं निघून गेली. गिरजा मागून धापा टाकत येत होती. तेवढ्यात वरून हाक आली, "ये गं गिरजे, आलंच!"

"आता तू नको फसवूस मला!"

"अगं, खरंच आलं!"

आणि खरंच माथा आला होता. कारवी मात्र सगळी वाळून गेली होती. एका घळीच्या कडेला तेवढं एक उशिरा फुललेलं झुडूप उरलं होतं.

गिरजेचा चेहरा उतरला. "उशीर झाला गं. सगळा माथा फुललेला दाखवायचा होता तुला."

भागा त्या झुडपाजवळ बसली आणि शिदोरी सोडू लागली. "दोघींना पुरेल एवढं आहे की. आणि सात वर्षांनी पुन्हा फुलेल ना? तेव्हा जरा लवकर निघू."

गिरजेनं पटकन तोंड फिरवलं.

"काय गं, डोळ्यांत पाणी?"

"काही नाही. चटणी तिखट आहे."

"चटणी आज आणलीच नाहीये, मेले!" भागा म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

तात्पर्य: सोबत्याला माथ्याची खोटी आशा दाखवून ओढू नये. तो जिथं दमेल तिथं त्याच्याजवळ बसावं आणि शिदोरी सोडावी. पुढची वाट तो आपल्या पायांनी चालतो.