साळिंदराची कबुली

फार पूर्वी दूरच्या अरण्यात कायदा शिकून साळुंकी परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्या रानातल्या न्यायसभेत निकालाआधी आरोपीला विचारत असतील. दिसलं ते भलतंच. टिटवीची अंडी चोरल्याचा आळ आलेला साळिंदर तोंड उघडायला गेला, की पुकारा करणारा कावळा दरडावायचा, "गप्प. सभेची शिस्त पाळ."

शेवटी न्यायाधीश बगळा म्हणाला, "आरोपी एवढ्या वेळात काहीच बोलला नाही. म्हणजे गुन्हा कबूल. लिही गं पोरी. उद्या याला रानाबाहेर काढू."

लेखनिकाच्या फांदीवर बसलेल्या साळुंकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "महाराज, तो कंदमुळं खातो. अंडी खातोस का, एवढं तरी कुणी विचारलं त्याला?"

"चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला शिकवतेस?" कावळा खेकसला. "तुझं काम लिहायचं."

साळिंदर पुटपुटला, "राहू दे, ताई. मला वाटलं, इथे गप्प राहिलं की सुटका होते."

साळुंकीने पान कोरंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या फांदीवर गेलीच नाही. ती साळिंदराशेजारी जमिनीवर उतरली आणि बगळ्याला म्हणाली, "आजपासून मी याची वकील. याचं म्हणणं ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाही."